फोटोपुरतं वाढलेलं ताट

दोन हजार अकरा साल. फेब्रुवारी चालू होता आणि माझ्या निशाचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. निशा माझं शेंडेफळ. तिच्या आधीचा धनेश तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा, म्हणजे भाऊ कमी आणि काका जास्त. त्या फेब्रुवारीत धनेशने हॉटेलचे फोटो काढायचं ठरवलं. त्या फोटोंमुळे माझ्या छातीवरचं एक ओझं उतरलं, म्हणून ते साल माझ्या लक्षात राहिलं आहे.

हॉटेल आमचं पळस्प्याच्या पुढे, गोवा रोडला. त्या जागी पूर्वी आमची भाताची खाचरं होती. मी शाळामास्तरीण असूनही लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात रजा टाकून तिथे लावणीला उतरले होते. चिखलातून वर बघितलं की कर्नाळ्याचा सुळका दिसायचा, आणि रस्त्यावरून तासाला एखादी एस.टी. जायची. माझे यजमान, तुळशीराम, गेले आणि तीन वर्षांनी धनेशने त्या खाचरांत भराव घालून दोन मजली हॉटेल बांधलं. खाली जेवणाचा हॉल, वर राहायच्या खोल्या. वडिलांचं नाव राहावं म्हणून त्याने हॉटेलचं नाव 'तुळशीबन' ठेवलं.

नाव चांगलं होतं, पण घोटाळ्याचं. पाटी वाचून शाकाहारी लोक हौसेने आत यायचे आणि मासळी तळल्याचा वास आला की आल्या पावली परत जायचे. मासे खाणारे पाटी वाचूनच पुढे जायचे. आमची स्वयंपाकीण ठमाबाई म्हणायची, "म्हातारीआय, देवळाचं नाव लावून चिंबोऱ्या विकायला बसलो तर कोण येल?" तेव्हा धनेशने ठरवलं, की खोल्यांचे, हॉलचे, ताटांचे नीट फोटो काढायचे, ते कॉम्प्युटरवर टाकायचे आणि छान घडीचं माहितीपत्रक छापून घ्यायचं.

पण हॉटेल चालतं की नाही, ही काळजी धनेशची होती. माझी काळजी वेगळी होती. माझा भाऊ बुधाजी निशाच्या लग्नाला येणार नव्हता.

बुधाजी माझ्या पाठचा. आमचं माहेर आपट्याचं, पाताळगंगेच्या काठावर. आमचे आबा नदीत फेकायचं जाळं टाकायचे आणि उरलेल्या वेळात दुसऱ्याची भातशेती कसायचे. गावातून शिकून बाहेर पडलेली मुलगी मी एकटी. बुधाजीने मात्र शाळेपेक्षा नदी पसंत केली. माझ्या दोन्ही मुलांवर त्याचा जीव. सुट्टीत निशा आपट्याला गेली की मामाच्या खांद्यावरून उतरत नसे. पोहायला त्यानेच शिकवलं तिला.

बिनसलं ते हॉटेलच्या उद्घाटनाला, दोन हजार आठच्या दसऱ्याला. बुधाजी भरतीचं पाणी उतरल्यावर निघाला म्हणून त्याला यायला संध्याकाळ झाली. बहिणीच्या नव्या वास्तूत रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून त्याने टोपलीभर चिंबोऱ्या, म्हणजे जिवंत खेकडे, आणल्या होत्या. कमरेला रुमाल, अंगात धुवट सदरा, डोक्यावर टोपली. गेटवर महादेव नावाचा वॉचमन होता, त्याच सकाळी कामाला लागलेला. त्याने टोपली बघितली आणि सांगितलं, की मासळीवाल्यांनी मागच्या दाराने जायचं.

एवढ्यावर कदाचित निभावलं असतं. महादेव परका माणूस, त्याला काय माहीत. पण बुधाजीने मान वर करून आत बघितलं. हॉलला रस्त्याच्या बाजूने सगळी काचच आहे. आत झगझगीत दिवे, आणि काचेपाशी फेटा बांधलेला धनेश उभा. बुधाजीच्या सांगण्याप्रमाणे धनेशने त्याच्याकडे सरळ बघितलं, अगदी डोळ्याला डोळा. त्याने हात वर केला. धनेशने फेटा सारखा केला, आणि पाठ फिरवली.

बुधाजीने टोपली तिथेच गेटपाशी उतरवली आणि आलेल्या वाटेने परत गेला. दुसऱ्या दिवशी मी आपट्याला धावले तेव्हा तो ओटीवर जाळं शिवत बसला होता. वर न बघताच म्हणाला, "बाय, तुझ्यावर राग नाय. पण तुझ्या पोराच्या घरचं पाणी आता मना बंद."

आमच्याकडे पाणी बंद म्हणजे सगळंच बंद. भांडण झालं, शिव्या दिल्या, तरी माणूस चार महिन्यांनी बोलतो. पाणी बंद केलं की दाराशी येत नाही, आला तरी उंबरा ओलांडत नाही. धनेश दोनदा त्याच्याकडे जाऊन आला. दोन्ही वेळा मामा आतल्या खोलीत झोपलेला. धनेश जीव तोडून सांगत होता, की आई, मी मामाला बघितलंच नाही. मला माझ्या मुलाचा स्वभाव ठाऊक होता, आणि भावाचे डोळेही. नदीत मासळी कुठे फिरते हे काठावरून ओळखणारा माणूस तो. धनेश खोटं बोलणारा नाही आणि बुधाजीची नजर चुकणारी नाही, या दोन गोष्टींच्या मध्ये मी दोन वर्षं अडकून पडले होते.

त्यात निशाचं लग्न ठरलं. मामाने भाचीला मंडपात आणायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, ही आमची रीत. मी पहिली पत्रिका घेऊन आपट्याला गेले. बुधाजीने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, देव्हाऱ्यात ठेवली आणि येणार नाही म्हणाला. मी म्हटलं, हॉटेलच्या आवारात नको तर दुसरीकडे मंडप घालू. तो म्हणाला, "जागेशी माझा तंटा नाय. पाणी ज्याच्या हातचं, तो यजमान कोण हाय? धनेशच ना?"

घरी येऊन सांगितलं तर निशा शांतपणे म्हणाली, की मामा पाठीशी नसेल तर मंडपच नको, आपण रजिस्टर लग्न करू. तिचा होणारा नवरा त्यालाही तयार होता. पण मांडव नाही, हळद नाही, गावजेवण नाही, म्हणजे पंचक्रोशीत लोकांनी आमच्या नावाने वर्षभर चघळलं असतं. मला लोकांचंही एवढं नव्हतं. मला दिसत होता तो देव्हाऱ्यात पत्रिका ठेवणारा माझा भाऊ. लग्न झाल्यावर तीच पत्रिका रोज समोर दिसली असती त्याला.

अशा दिवसांत खारघरहून रिया आली.

रिया फोटोग्राफर. वय पंचवीस-सव्वीस, जीन्स, पाठीवर भलीमोठी बॅग. धनेशला वाटलं होतं की बाई येईल, चार फोटो काढेल आणि चहा पिऊन जाईल. तिने पहिला दिवस नुसता सामान हलवण्यात घालवला. पलंगावरची चादर पलंगावरच इस्त्री केली. टीव्हीच्या वायरी लपवल्या, कॅलेंडरं उतरवली, प्लास्टिकची फुलं एका खोक्यात भरून नजरेआड केली. गादीवरच्या सुरकुत्या ती अशी निरखायची, जशी मी मुलांच्या शुद्धलेखनाच्या वह्या बघायची. नुसत्या बाथरूमच्या फोटोला अर्धी सकाळ गेली. ठमाबाई बघून आली आणि म्हणाली, "संडासाचा येवडा लाड मी जल्मात बघितला नाय."

हॉलमध्ये आल्यावर रियाने भिंतीकडे बोट केलं. तिथे धनेशने मोठ्या हौसेने बर्फाच्या डोंगराचं आणि तळ्याचं पोस्टर लावलं होतं. ती म्हणाली, "दादा, गोवा रोडला स्वित्झर्लंड कशाला? इथलं काहीतरी लावू या ना. होडीचं वल्हं, जाळं, असं काही आहे का कोणाकडे?"

मी चटकन म्हणाले, की माझ्या भावाकडे आमच्या वडिलांच्या हातचं जाळं आहे. भाऊ नाही तर भावाचं जाळं तरी या घरात येईल, एवढंच माझ्या मनात आलं. धनेशने माझ्याकडे बघितलं. रियाला भांडणातलं काही सांगितलं नाही. फक्त सांगितलं, की मागून बघ, स्वभावाने तिखट आहे.

दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन आपट्याला गेली. परत आली ती दुपार कलल्यावर. पुढच्या सीटवर मांडीवर जाळं घेऊन बुधाजी बसला होता.

मला वरच्या गॅलरीतून दिसलं. मी जिना उतरून खाली आले. नंतर रियाने सांगितलं, की काका जाळं द्यायला तयार होते पण एकटं पाठवायला तयार नव्हते. आबांचं जाळं घरच्या माणसाशिवाय घराबाहेर पडत नाही म्हणाले. म्हणून जाळ्याला सोबत म्हणून ते आले.

अर्थात बुधाजी आत आला नाही. गेटपाशी येताच गाडी थांबवायला लावली. महादेवने त्याला ओळखलं होतं. दोन वर्षांत त्या चिंबोऱ्यांवरून त्याने आमचं सगळ्यांचं बरंच ऐकून घेतलं होतं. त्याने गेटची दोन्ही दारं सताड उघडली आणि मान खाली घालून बाजूला उभा राहिला. बुधाजीने ते बघितलं न बघितल्यासारखं केलं, जाळं रियाच्या हाती दिलं आणि कुंपणाबाहेरच्या बदामाच्या झाडाखाली जाऊन बसला. पाण्याची बाटली त्याने घरूनच आणली होती. धनेश पुढे व्हायला निघाला तर मीच त्याला अडवलं. म्हटलं, आता गेलास तर तो जाळं घेऊन चालत आपट्याला जाईल.

जाळं भिंतीवर चढलं. हॉलचं रूपच पालटलं. रियाने काचेवरचे पडदेही काढायला लावले. आमचे पडदे एरवी दिवेलागणीला ओढलेले असायचे, कारण रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे जेवणाऱ्यांच्या डोळ्यांवर यायचे. रियाला मात्र पडदे नको होते. तिला संध्याकाळची एक ठरावीक वेळ हवी होती, आकाश निळं असतं आणि आतले दिवे पिवळे दिसतात ती. तेवढ्यात तिला हॉल भरलेला दाखवायचा होता. रिकाम्या हॉटेलात कोण येतो, असं तिचं म्हणणं.

भरायला धनेशने आपले मित्र बोलावले होते. सगळे ठेवणीतले शर्ट घालून आले आणि पोट आत ओढून कॅमेऱ्याकडे बघत बसले. रिया सांगून दमली, की माझ्याकडे नाही, ताटाकडे बघा. काचेजवळच्या टेबलावर, जे फोटोत सगळ्यात पुढे दिसणार होतं, तिथे तिने तीन जणांना बसवून उठवलं. मग ती बाहेर गेली. मी दारातून ऐकत होते.

ती म्हणाली, "काका, पाच मिनिटं आत बसाल? तुमचा चेहरा मला हवाय."

"माझा चेहरा? कशाला?"

"जेवायला बसलेल्या माणसाचा फोटो. पण खायचं नाही हं. सगळं खोटं खोटं."

बुधाजीने जरा विचार केला. "पाणी?"

"पाणी तर बिलकुल नाही. ग्लासला हातही लावायचा नाही. बोटांचे ठसे उठतात."

बुधाजी हसला. दोन वर्षांनी मी त्याला हसताना बघितलं. त्याच्या शपथेला धक्का न लावता त्याला आत नेणारं हे पहिलंच माणूस होतं. त्याने चपला बाहेर काढल्या, टोपी झटकली आणि उंबरा ओलांडला.

खोट्या जेवणावरून आमचं आणि रियाचं सकाळीच वाजलं होतं. तिचं म्हणणं, फोटोतली मासळी अर्धी कच्चीच चांगली दिसते, वर ब्रशने तेल लावायचं म्हणजे चकाकते. ठमाबाईने आणि मी साफ नकार दिला. माणसासमोर वाढायचं ते शिजलेलं आणि मीठ घातलेलंच असणार, मग तो खावो न खावो. शेवटी रियाने फक्त तेलाच्या ब्रशाची परवानगी मिळवली. म्हणून मी चिंबोऱ्यांचं कालवण पूर्ण शिजवलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या होत्या, बोंबील तळले होते. त्या ताटापुढे कोण बसणार हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

ताट मीच नेऊन ठेवलं. बुधाजीने ताट बघितलं, मग मला.

"बाय, ती पोरगी खोटं खोटं म्हणाली."

"फोटो खोटा असेल," मी म्हटलं, "कालवण खरं आहे."

त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मला कळलं आपण काय करून बसलो ते. लहानपणी बुधाजी एकदा बोंबलाचा तुकडा लहान मिळाला म्हणून भरल्या ताटावरून उठला होता. आबा त्याला एक शब्द बोलले नाहीत. ते स्वतः जेवायचे थांबले. आई रडली, शेजारी समजवायला आले, शेवटी बुधाजीनेच तेच ताट पुढे ओढून थंडगार कालवण खाल्लं, तेव्हा कुठे आबांनी घास घेतला. त्या दिवसापासून वाढलेल्या ताटावरून तो कधी उठला नाही. आणि आता समोर बहिणीच्या हातचं भरलं ताट, वरती धनेशचं छप्पर. खाल्लं तर शपथ मोडते, उठलं तर आबांचं मन मोडतं, आणि आबा तर जाळं होऊन समोरच्या भिंतीवर बसलेले.

रियाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने सगळे दिवे लावले, तिवईवर कॅमेरा चढवला आणि धनेशला गेटवर पाठवलं. आत वळणाऱ्या गाड्या थोडा वेळ बाहेर थांबवायच्या होत्या, त्यांच्या दिव्यांचा झोत काचेवर आला की फोटो वाया जायचा. बाहेर निळसर काळोख उतरायला लागला. ती फोटो काढत राहिली. बुधाजी ताटाकडे असा बघत होता, की तिला हवा होता त्याहून चांगला चेहरा तिला मिळाला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, की झालं काका, उठलात तरी चालेल.

बुधाजी उठला नाही. मित्रमंडळी पांगली, कोणी बोंबील उचलून तोंडात टाकले. तो तसाच बसून. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर टेकले. बऱ्याच वेळाने तो हळू आवाजात म्हणाला, की तुझा पोरगा आजपण समोर आला नाय.

मी म्हटलं, तो गेटवर आहे. रियाने उभं केलंय.

बुधाजीने मान वळवून काचेकडे बघितलं. "कुठं? मना तर कोण नाय दिसत."

रिया तिवई आवरत होती. काम संपलं की माणूस मोकळेपणाने बोलतो, तशी ती बोलली, "दिसणार नाही काका. आत दिवे लागले की काचेचा आरसा होतो. बाहेरच्याला आतलं सगळं दिसतं, आतल्याला फक्त स्वतःचं तोंड. मला हाच तर त्रास, दिवसभर काचेत मीच मला दिसते." मग काय वाटलं कोण जाणे, तिने भिंतीवरची बटणं खाली केली.

हॉल अंधारला, आणि काचेपलीकडे गेट उगवलं. गेटच्या मधोमध धनेश उभा होता. बुधाजी त्या दसऱ्याला जिथे टोपली घेऊन उभा होता, अगदी तिथेच. तो आमच्याकडेच बघत होता.

रियाने दिवे लावले. धनेश नाहीसा झाला. काचेत टोपी घातलेला बुधाजी होता, त्याच्या शेजारी मी, आणि मागे भिंतीवर जाळं.

"परत बंद कर," बुधाजी म्हणाला.

तिने केले. धनेश एका रिक्षाला हात करून थांबवत होता.

"लाव."

पुन्हा बुधाजी. त्याने उगाच टोपी सरळ केली. काचेतल्या माणसानेही केली. हात टोपीवरच ठेवून तो थांबला.

तो माझ्याकडे न बघता, काचेकडे बघतच बोलायला लागला.

"त्या दिशीपण दिवे लागलेले."

"सगळे. उद्घाटन होतं."

"पडदे नव्हते."

"पडदे आठवड्याने शिवून आले."

त्याने बोटांनी टोपीची कड चाचपली. मग म्हणाला, "तो फेटा..."

"फेटा आरशात बघूनच सारखा करतात, बुधा."

बुधाजीने टोपी काढून टेबलावर ठेवली. त्याचे केस किती विरळ झाले होते. दोन्ही तळहात त्याने एकदा तोंडावरून फिरवले आणि ताट थोडं आपल्याकडे ओढलं.

"बाय," तो म्हणाला, "पाणी दे."

पाणी त्याच्या समोरच होतं, रियाने फोटोसाठी पुसूनपुसून चकचकीत केलेल्या ग्लासात. मी तो ग्लास उचलून त्याच्या हातात दिला. रिया ठशांबद्दल काहीतरी म्हणायला गेली आणि माझ्याकडे बघून थांबली. मग मला तिच्या कॅमेऱ्याचा आवाज ऐकू आला. बुधाजी घटाघट प्यायला, ग्लास पालथा व्हायला आला तरी प्यायला. मग त्याने भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, तोंडात घातला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ह्या चिंबोरीला ह्ये तेल कोणी चोपडला?"

रिया ओशाळून म्हणाली, मी काका.

"तुझं लगीन ठरंल तेवा सांग. तुला कालवण शिकवाया येतो."

इतका वेळ गेटवरच्या धनेशला आत बोलवायचं आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं. पण बाहेरच्याला आतलं सगळं दिसतं. त्याने मामाला ग्लास तोंडाला लावताना बघितलं आणि गेट तसंच टाकून तो धावत आला. मागोमाग ताटकळलेला टेम्पो आत घुसला आणि त्याच्या दिव्यांनी सगळी काच पांढरीफटक झाली. धनेश दारातच थबकला. दोन मुलांचा बाप, पण शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा चौकटीला धरून उभा.

बुधाजीने मान वर केली. "उभा काय रवलास? बस. नि तुझ्या आयेला सांग, कालवणात मीठ कमी हाय."

मी तिथेच शेजारी बसले होते. तरी धनेशने मला सांगितलं, आणि मी उठून मीठ आणायला गेले. आत गेल्यावर मी माठातून तांब्या बुडवला आणि उभ्याउभ्या सगळा प्यायले. सकाळपासून मी पाणीच प्यायले नव्हते. ठमाबाईने काय झालं विचारलं. मी सांगितलं, की काही नाही, आणखी दोन भाकऱ्या टाक.

मीठ घेऊन परत आले तेव्हा मामा-भाचे जाळ्याकडे बघत बोलत होते. त्या दसऱ्याचा विषय दोघांनीही काढला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. बुधाजीने फक्त विचारलं, की लग्न कोणत्या तारखेला आहे. पत्रिका रोज त्याच्या देव्हाऱ्यात डोळ्यांसमोर होती, तरी धनेशने तारीख सांगितली आणि त्याने पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलावली.

लग्न तुळशीबनच्याच आवारात झालं. मामाने निशाला हाताला धरून आणायचं होतं, त्याने तिला उचलूनच आणलं. निशा हसत होती आणि बुधाजीचे पाय लटपटत होते, मागून धनेश दोघांना सावरत होता. अक्षता पडेपर्यंत बुधाजी तिच्या पाठीशी ताठ उभा राहिला.

रियाने माहितीपत्रकासाठी सगळ्या फोटोंतून तो पाणी पितानाचाच निवडला. त्यात ताट आहे, जाळं आहे, आणि डोळे मिटून पाणी पिणारा माझा भाऊ आहे. नीट बघितलं तर ग्लासवर बोटांचे ठसेही दिसतात. तो फोटो बघून लोक फोन करायचे आणि विचारायचे, की ते काका काय खातायत ते मिळेल का. शुद्ध शाकाहारी असल्याचा घोटाळा तेव्हापासून मिटला.

महादेव बरीच वर्षं गेटवर राहिला. बुधाजी येताना नेहमी चिंबोऱ्या आणायचा आणि टोपली मुद्दाम त्याच्याच हातात द्यायचा. "घे, मागच्या दाराने ने," असं म्हणायचा, आणि दोघे हसायचे. बर्फाच्या डोंगराचं पोस्टर महादेवने आपल्या केबिनमध्ये लावलं होतं. महाडकडच्या गावी परत गेला तेव्हा गुंडाळून बरोबर घेऊन गेला. ठमाबाई गुडघ्यांनी थकली, आता तिची सून आमच्याकडे चूल सांभाळते. मीठ मात्र ती जास्त घालते.

रिया आता पुण्याला असते. मोठमोठ्या हॉटेलांचे फोटो काढते म्हणे. तिच्या लग्नाला बुधाजी खरंच गेला होता, आणि कालवण शिकवायचं राहिलं म्हणून परत येताना हळहळत होता. निशा खारघरला राहते. तिची मुलगी समृद्धी पोहायला तलावात शिकली, पण तिला पाण्यात पहिल्यांदा उतरवलं ते आपट्याला, तिच्या आईच्या मामाने.

बुधाजी दोन हजार अठरा साली गेला. थोडा आजारी पडला आणि गेला, कोणाला फार कष्ट दिले नाहीत. जाळं त्याने लग्नानंतर परत नेलं होतं. दिवस झाल्यावर त्याचा मुलगा शैलेश ते घेऊन आला. एकटंच पाठवलं नाही, स्वतः सोबत घेऊन आला, आणि आम्ही ते भिंतीवर होतं तिथे लावलं.

धनेशचे केस पिकले. रस्ता रुंद झाला तेव्हा आमचं गेट आणि बदामाचं झाड त्यात गेलं. काच राहिली, पण आता ती रस्त्याच्या जास्तच जवळ आली आहे. गल्ल्यावर नातू आर्यन बसतो. मी वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत राहते. अजूनही संध्याकाळी खाली कोणी आल्याची चाहूल लागली, की मी आधी खोलीतला दिवा बंद करते आणि मग खिडकीतून बघते. आर्यनला वाटतं, आजी वीज वाचवते.